तुम्ही न घेतलेलं प्रभुभोजन

गुरुजी,

तुम्ही गेलात त्याला आज तिसरा रविवार. या तीन आठवड्यांत घरचं धान चुरून, उफणून झालं, अंगणवाडीतल्या पोरांची वजनं घेऊन झाली, आणि हे सगळं करताना तुमचे दोन शब्द माझ्या मागे मागे चालत राहिले. "झालं का?" गोंदियाच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, तुम्ही मला एवढंच विचारलंत. मी म्हणाले, "हो जी गुरुजी, जेवण करूनच निघाली." तुम्ही डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या प्रकाशचा फोन आला.

तुम्ही जेवणाचं विचारलं नव्हतं. हे मला परतीच्या बसमध्येच कळलं होतं. तिरोडा यायला अजून वेळ होता, उतरून उलटी बस धरता आली असती. मी खिडकीला डोकं टेकून बसून राहिले. तेव्हापासून कुणीही काहीही विचारलं, "स्वयंपाक झाला का", "रजिस्टर झालं का", तरी माझा हात थांबतो. परवा एका पोरीनं पाटी दाखवत विचारलं, "बाई, झालं का?" आणि मी तिच्यासमोर रडले. ती घाबरून आईकडे पळाली.

माहेरच्या शाळेत तुम्ही मला चौथीला होतात. तेव्हा तुम्ही ख्रिस्ती आहात हे आम्हा पोरांना माहीतही नव्हतं. आमच्यासाठी तुम्ही ढिवरटोलीतले दुधराम गुरुजी, पाढा चुकला की कान न धरता शेजारी बसून आमच्याबरोबर पहिल्यापासून म्हणणारे. लग्न होऊन मी तुमच्याच गावात आले, पोवारांच्या घरात, आणि पहिलं बाळ पोटातच गेलं. घरात सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी ते कुठेतरी ठेवून विसरले होते. त्या दुपारी तुम्ही आणि गुरुमाय डबा घेऊन आलात. भात आणि वांग्याची भाजी. सासूबाईंनी डबा ओसरीवरच ठेवायला सांगितला, कारण ढिवराच्या हातचं पाणी आमच्याकडे चालायचं, शिजलेलं चालत नव्हतं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तुम्ही ओसरीवर बसलात. ना पवित्र शास्त्र उघडलं, ना प्रार्थना केली. मी आतून उठून आले, डबा उघडला आणि सगळ्यांच्या देखत तिथेच बसून जेवले.

तुम्ही नंतर कितीदा म्हणालात, "वनिता, तुझा बाप्तिस्मा तं त्याच दिवशी झाला होता. तयाच्या पान्यात उतरनं मंग झालं." मी तेव्हा धीट होते, गुरुजी. ती धीट बाई पुढे कुठे गेली, ते मला सांगायचं आहे.

तुमच्या पडवीत आपण वीसेक माणसं जमायचो. फाटक नाही, पाटी नाही, माइक नाही. एक मोठी सतरंजी आणि तुमचा तो घसा खाकरण्याचा आवाज, जो झाला की पोरंसुद्धा गप्प होत. तुम्हाला ही शिकवण ज्या म्हाताऱ्या पाळकांनी दिली, ते सायकलवर गावोगाव फिरायचे, असं तुम्ही सांगायचात. त्यांनी तुम्हाला एकच बजावलं होतं आणि तुम्ही ते आम्हाला इतक्यांदा सांगितलं की आम्ही हसायचो: "आपल्याले नवीन काई बनवाचं नाही. जसं मिळालं, तसं पुढं द्याचं." पहिल्या मंडळीनं जे केलं ते करायचं. शिकवण ऐकायची, एकमेकांना धरून राहायचं, भाकर मोडायची, प्रार्थना करायची. बाकी सगळं मागून आलं, म्हणायचात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याची तयारी माझ्याकडे. आदल्या दिवशी मनुका भिजवायच्या, सकाळी उकळून, कुस्करून, गाळून तो रस स्टीलच्या पेल्यात भरायचा. बिनमिठाची जाड पोळी तव्यावर भाजायची. तुम्ही पोळी मोडायचात आणि एकच पेला हातोहात फिरायचा. भिंतीकडून सुरू होऊन दाराकडे. दाराशी चंद्रकला बसायची. तिरोड्याच्या सरकारी दवाखान्यात सफाईचं काम करते ती. सकाळची ड्युटी संपवून यायची, म्हणून नेहमी उशिरा, म्हणून दाराशी. तिची जात मी इथे लिहीत नाही. पडवीत ते नाव तुम्ही कधी घेऊ दिलं नाहीत. पण गावात प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पडवीतही प्रत्येकाला ठाऊक होतं.

पेला तिच्यापर्यंत शेवटी जायचा आणि तिच्यानंतर फक्त तुम्ही प्यायचात. कितीतरी वर्षं असंच चाललं. कुणाला काही खटकलं नाही, कारण खटकायला जागाच नव्हती.

मग एका रविवारी तुम्ही पेला उचललात आणि तसेच थांबलात. आमच्याकडे बघत म्हणालात, "मी तुमची सोय करून ठेवली होती. माझं चुकलं." आम्हाला कुणालाच कळलं नाही. तुम्ही दाराशी गेलात आणि म्हणालात, "आजपासून इकडून सुरू करू." आणि पेला आधी चंद्रकलेच्या हातात दिलात.

त्या दिवशी मी दारापासून तिसरी होते. तिच्यानंतर तिचा मुलगा, मग मी. पेला माझ्या हातात आला. मी तो तोंडापर्यंत नेला, मान मागे केली, गिळल्यासारखं केलं आणि पुढे दिला. रस माझ्या ओठांना लागला नव्हता. त्यानंतर दोन महिने मी असंच केलं. रस मी बनवला होता, पोळी मी भाजली होती, आणि मी प्याले नव्हते.

नंतर कोरोना आला आणि मला सुटल्यासारखं झालं. साऱ्या गावावर संकट आलं होतं आणि माझ्या मनात कुठेतरी हे होतं की आता पेला फिरणार नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

प्रभुभोजन तुम्ही स्वतःच थांबवलंत. "कोनाचा जीव घेऊन भोजन नाही," म्हणालात. चंद्रकला मात्र थांबली नाही. दवाखान्यात कुणी हात लावायला तयार नव्हतं तेव्हा तिनं प्रेतं गुंडाळली. घरमालकानं तिला खोली सोडायला सांगितली, तेव्हा तुम्ही तिला आणि तिच्या मुलाला तुमच्या पडवीत आणलंत. चार महिने ती तिथे राहिली. माझा पुतण्या, मधुकर भाऊजींचा मुलगा, त्याच दवाखान्यात श्वासासाठी तडफडत पडला होता. त्याला पाणी पाजणारी, त्याची लघवी काढणारी चंद्रकलाच होती. तुम्ही पडवीतून आणि ती त्याच्या खाटेपाशी, दोघं प्रार्थना करायचात. पोरगा वाचला.

भाऊजी म्हणजे माझे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. तोवर आमच्या मंडळीचं नाव काढलं तरी थुंकायचे. मुलगा घरी आल्यावर एके दिवशी जाऊबाईंना घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "आम्ही येऊ तुमच्यात. सगळं कुटुंब येऊ. गुरुजींच्या देवानं माझं पोरगं वाचवलं." इतकी वर्षं ज्या घरात मी एकटी प्रार्थना करत होते, ते घर येतो म्हणत होतं. मग भाऊजींनी आवाज खाली केला. "पण एक गोष्ट आहे. त्या बाईचं उष्टं आम्ही पिणार नाही."

ज्या बाईनं त्यांच्या पोराला पाणी पाजलं, तिच्याबद्दल ते हे बोलत होते. मी हे त्यांना म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "नाही प्यावं लागणार."

दुसऱ्याच दिवशी मी गोंदियाला जाऊन प्लास्टिकचे छोटे छोटे प्याले आणले. बोटभर उंचीचे, एकदा वापरून फेकायचे. लसी झाल्या होत्या, सगळे पुन्हा पडवीत जमले होते, आणि तुम्ही पुन्हा भोजन सुरू करू म्हणाला होतात. मी उभी राहिले. अंगणवाडी सेविका म्हणून माझं सगळे ऐकतात, मी पोरांना हात धुवायला शिकवते. मी म्हणाले, "आता डॉक्टर लोक सांगतात, एकाच भांड्यातून पिऊ नये. स्वच्छतेचा प्रश्न आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊजींनी सर्वांत आधी.

तुम्ही एक प्याला उचलून उजेडात धरलात. "हे तं दवाईच्या बाटलीचं झाकन दिसते," म्हणालात. लोक हसले. मग तुम्ही विचारलंत, "ज्याले खोकला असन, ताप असन, त्यानं थांबावं. मी मानतो. पन निरोग्यानं निरोग्यापासून काऊन थांबावं, वनिता?"

"काळजी म्हणून जी," मी म्हणाले.

तुम्ही दाराकडे वळलात. "चंद्रकले, तुले काय वाटते?"

ती खाली बघत म्हणाली, "मले काय जी. सगळे म्हनतीन तसं."

तुम्ही प्याला खाली ठेवलात. "आज नाही," एवढंच बोललात. "आपन अजून तयार नाही." आणि प्रार्थना करून उपासना संपवलीत. आम्हाला वाटलं, पुढच्या महिन्यात होईल. चार वर्षं झाली.

मधे भाऊजींनी शहरातून एका पाळकांना बोलावलं. भला माणूस होता, त्याला आतलं काही माहीत नव्हतं. भाऊजींच्या अंगणात मांडव, खुर्च्या, ट्रेमध्ये ते छोटे प्याले. तुम्ही आलात, शेवटच्या ओळीत बसलात, पूर्ण उपदेश ऐकलात. ट्रे तुमच्यापाशी आला तेव्हा तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात आणि पुढच्याकडे दिलात. कुणाला दिसलंही नसेल. मला दिसलं, कारण मी तुमच्याकडेच बघत होते. चंद्रकलेनं आपला प्याला घेतला, रिकामा केला, पदरात धरून ठेवला. कुणी कुणाचं उष्टं प्यालं नाही. कुणाचा अपमान झाला नाही. सगळं अगदी स्वच्छ झालं.

त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे भांडायला आले होते. दुपारची वेळ. तुम्ही पडवीत जाळं विणत बसला होतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही पुन्हा तुमच्या बापाचं काम हातात घेतलं होतं, बोदलकशाच्या तलावावर जाणारी टोलीतली पोरं तुमच्याकडून फाटकी जाळी नीट करून न्यायची. मी बसले पण नाही. उभ्यानंच म्हणाले, "गुरुजी, मंडळी वाढून राहिली. माझ्या सासरचं सगळं घर आलं. आता आणखी दोन घरं येऊ म्हणतात. तुमच्या एका हट्टापायी लोकांना भोजन मिळत नाही. पेला महत्त्वाचा की माणसं?"

तुम्ही सुतळी दातानं तोडलीत. "मानसंच. म्हनून तं."

"म्हणजे?"

"बस आधी."

मी बसले. तुम्ही म्हणालात, "त्या पयल्या लोकायपासी काय होतं सांग मले. इमारत नव्हती. पेटी नव्हती. सत्ता तं त्यायच्या विरोधातच होती. त्यायच्यापासी एकच गोष्ट अशी होती का शहरातले लोक थांबून पाहत. मालक अन गुलाम एका पंगतीत जेवत. दुसरं कुठंच असं होत नव्हतं. ते काढलं का मंग आपल्यापासी काय उरते? भजनं तं सगळ्यायपासी आहेत."

"हळूहळू होईल ना जी. आधी येऊ तर द्या त्यांना."

"येतीन. पन कशात येतीन, वनिता? जे त्यायच्या घरी आहे, तेच इथं भेटलं, तं ते कुठं आले?" मग तुम्ही त्या मोठ्या प्रेषिताची गोष्ट सांगितलीत, जो परजातीयांबरोबर खुशाल जेवत होता आणि आपल्यातली मोठी माणसं आलेली बघून ताटावरून उठला. "त्यानं शिकवन बदलली नाही. तोंडानं तो बरोबरच बोलत होता. फक्त उठून दुसरीकडे बसला. अन दुसऱ्या प्रेषितानं त्याले सगळ्यायसमोर टोकलं. एवढ्याशा गोष्टीसाठी! तवा ती एवढीशी नसन."

तुम्ही जाळं बाजूला ठेवलंत आणि आवाज बदलून म्हणालात, "मी दहा वर्साचा होतो. आमी ढिवर, लग्नात पानी वाढाले आमालेच बोलवत. आमच्या हातचं सगळ्यायले चाले. एका लग्नात मांडवाबाहेर एक म्हातारी आली, पानी मागितलं. मायनं मले हंडा देल्ला. म्हातारीनं गिलास पुढं केला. तिचा गिलास हंड्याले लागन म्हनून मी हात वर उचलला अन वरून धार सोडली. अर्धं पानी मातीत गेलं, काई तिच्या लुगड्यावर. मले कोनं सांगितलं नव्हतं तसं कराले. माझा हात आपोआप वर गेला." तुम्ही तो हात उचलून दाखवलात. सत्तरी ओलांडलेला हात हंडा धरल्यासारखा हवेत होता. "म्हातारी गिलासात पडलं तेवढं पेली अन गेली. कोन होती, कोन्या गावची होती, मी मंग लय शोधलं. तिले सांगाचं होतं. नाही भेटली."

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "तू मले काई सांगाले आली होती का?"

ते दार तुम्ही माझ्यासाठी उघडलं होतंत. स्वतःची लाज उंबऱ्यावर ठेवून उघडलं होतंत. मी म्हणाले, "नाही जी." आणि उठले.

त्यानंतर तीन वर्षं आपण बोलत राहिलो, गुरुजी. धानाबद्दल, प्रकाशच्या नागपूरच्या नोकरीबद्दल, गुरुमाय गेल्या तेव्हा त्यांच्याबद्दल. दवाखान्यातल्या त्या "झालं का?"पर्यंत तुम्ही एकदाही परत विचारलं नाहीत. मी तुम्हाला टाळत नव्हते, पण तुमच्यासमोर पाणी प्यायचं टाळत होते. तुमच्या घरी कुणी पेला पुढे केला की म्हणायचे, आत्ताच पिऊन आली. अंगणवाडीत पोरांना पाणी देताना मी माझ्या हाताकडे बघायला लागले. भांडं किती उंच धरलंय, कुणासाठी किती उंच धरलंय. एकदा खरंच हात वर गेलेला दिसला. समोर पोरगं ओंजळ धरून उभं होतं, हसत होतं, त्याला तो खेळ वाटत होता. त्या दिवशी मी सगळ्या पोरांच्या हातात पेले दिले, आणि घरी येऊन देवाला म्हणाले की मला हे दिसू देऊ नकोस. अशी प्रार्थना केली मी.

तुम्हाला तुमच्याच धानाच्या बांधीच्या कडेला पुरलं. टोलीतल्या माणसांनी खड्डा खणला, त्यातला एकही आपल्या मंडळीतला नव्हता. भाऊजींनी छान भाषण केलं. "गुरुजी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांसारखं जीवन जगले," म्हणाले. सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले. चंद्रकला लांब, मोहाच्या झाडाखाली उभी होती. माती टाकायला ती सगळ्यांत शेवटी आली आणि मूठ उघडल्यावर हात झटकला नाही, तसाच मातीचा घेऊन निघून गेली.

परवा, शुक्रवारी, मी तिच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती ड्युटीवरून येऊन भांडी घासत होती. मला बघून तिनं खुर्ची पुसली. मी उभ्यानंच सगळं बोलले. स्वच्छतेचं खोटं होतं. भाऊजींच्या शब्दासाठी मी ते प्याले आणले. आणि त्याच्याही आधी, दाराकडून पेला सुरू झाला तेव्हा, मी प्यालेच नव्हते.

ती राख लावलेल्या हातानं तशीच बसून होती. म्हणाली, "मले माहीत आहे, बाई."

"काय माहीत आहे?"

"पेला तुमच्या ओठाले लागला नाही ते. मी बाजूलेच तं होती. तुमचा गळा हालला, पेल्यातला रस नाही हालला."

"गुरुजींना?"

"मी नाही सांगितलं. पन ते शेवटी पेत. त्यायले कमी-जास्त समजत असन." मग ती म्हणाली, "ते दर रविवारी संध्याकाळी माझ्याघरी जेवाले येत. तुमाले माहीत नसन. म्हनत, प्रभुभोजन बंद आहे, जेवन तं बंद नाही ना. मी भात टाको, ते मासोळी आनत. एका ताटात जेवो, मी, माझा पोरगा अन ते. सुरू सुरूले त्यायनं मले सांगितलं होतं, वनिताचं बी ताट काढून ठेव, ती येईन."



"पाच-सहा रविवार मी काढलं," चंद्रकला म्हणाली. "मंग सोडून देल्लं. भात वाया जाये."

तिनं हे कडवटपणानं म्हटलं नाही. घरातली एखादी गोष्ट सांगावी तसं म्हटलं. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं पाय मागे ओढले. "हे नोको. मले एकटीले सांगून काय होते? तुमी जे खोटं बोलल्या ते सगळ्यायसमोर बोलल्या. हे माझ्या घरात येऊन हळूच सांगता. गुरुजी असते तं काय म्हनाले असते?"

म्हणून आज सकाळी मी पडवीत उभी राहिले, गुरुजी. मनुकांचा रस केला होता, पोळी भाजली होती, कुणाला न विचारता. तुमच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मी बोलायला सुरुवात केली, तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं, तुमचा घसा खाकरण्याचा आवाज. मी मागे वळून बघितलं. भिंत होती. लोकांना वाटलं, मी रडायला थांबले.

मी भाऊजींचं नाव घेतलं नाही. "मी वचन दिलं," एवढंच म्हणाले. पण "उष्टं" हा शब्द उच्चारला, कारण तो टाळून ते सांगता येत नव्हतं. भाऊजी उठले. "वनिता, घरातली गोष्ट तू अशी चव्हाट्यावर आणली," म्हणाले आणि मुलाचा दंड धरला. पुतण्या उठला, दाराशी चंद्रकलेसमोर क्षणभर थांबला, काही बोलणार असं वाटलं, मग बापाच्या मागे गेला. त्यांच्याबरोबर आणखी एक घर गेलं. सतरंजी अर्धी रिकामी झाली. तुमची मंडळी मी आज अर्धी केली. जाऊबाई मात्र बसून राहिल्या, पदर तोंडाशी धरून.

पेला सापडेना. प्रकाशनं घर आवरताना भांडी टोलीत वाटून टाकली होती. मी स्वयंपाकघरात शोधत होते, तेवढ्यात चंद्रकलेनं आपल्या पिशवीतून एक पेला काढला. "माझ्या घरचा आहे," ती म्हणाली. आणि मग, कुणी काही विचारलं नसताना, खालच्या आवाजात म्हणाली, "धुतलेला आहे जी."

त्या तीन शब्दांनी मला जे झालं, ते मी लिहू शकत नाही.

प्रार्थना तिनंच केली. चार ओळींची. पोळी मोडली, आपला तुकडा खाल्ला, पेल्यातून प्याली, आणि मुलाला न देता सरळ माझ्यापाशी आली. सगळे बघत होते. मी दोन्ही हातांनी पेला घेतला. काठावर तिच्या ओठांचा ओला ठसा होता. मला वाटलं होतं, सगळं कबूल केल्यावर आता सोपं जाईल. नाही गेलं, गुरुजी. माझे ओठ थांबले. आतून काहीतरी जुनं, माझ्याही आधीचं, मागे सरलं.

मी तिथेच ओठ टेकवले आणि प्याले. पण थांबले होते. चंद्रकलेनं ते पाहिलं. तिचे हात अजून पेल्याला खालून आधार देत होते, आणि तिनं ते काढून घेतले नाहीत.